पारूआत्याचं पायडल

पारूआत्याचं मशीन यायच्या आधी आमच्या घरात चाक असलेली एकही वस्तू नव्हती. बाबा कशेडी घाटात रस्त्याच्या कामावर होते. पावसाळ्यात दरड कोसळली की त्यांना काम, नाही कोसळली तर आमच्या घरात बोंब. सगळा तालुका दरड पडू नये म्हणून हात जोडायचा आणि आमची आई आभाळाकडे बघून गप्प बसायची. मला एकच परकर होता. तो धुतला की वाळेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही. हे मी लाजत सांगत नाही. असं होतं, म्हणून सांगते.

मग एका मे महिन्यात एसटीच्या टपावरून शिवणाचं मशीन उतरलं आणि त्याच्या मागोमाग माझी आत्या उतरली. तिचा नवरा मुंबईत गिरणीत होता, तो वारला. सासरच्यांना मशीन हवं होतं, ही नको होती. आत्या त्यांना म्हणाली, "दोघांना ठेवा, नायतर दोघांना सोडा." त्यांनी दोघांनाही सोडलं. आमच्या वाडीपासून पोलादपूरची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर. आत्याने ओटीवर मशीन मांडलं आणि दुसऱ्याच दिवशी एका मास्तरांची पँट उसवून परत शिवून दिली. मास्तरांनी ती उसवायला सांगितलीच नव्हती! "तुमची शिलाई वाकडी होती, माझ्यानं बघवंना," एवढंच ती म्हणाली.

तिच्याकडे वाडीतल्या पोरी शिवण शिकायला येत. पोरगी आली की आत्या मशीनची वादी, म्हणजे चाक फिरवणारा पट्टा, काढून टाकायची. दोरा नाही, कापड नाही. "नुसतं पायडल मार. पाय शिकला की हात आपसूक शिकतो." पोरी कंटाळायच्या, रडकुंडीला यायच्या. पायडल उलटं पडलं की दोरा तुटतो, हे पायाला कळल्याशिवाय ती सुईला हात लावू द्यायची नाही. आणि कुणी रडलंच, तर तिचा एक ठरलेला प्रश्न असायचा. पोलकं टरकलेलं असो, नवऱ्याशी भांडण झालेलं असो की परीक्षेत नापास झालेलं असो, प्रश्न तोच. "कापड शाबूत हाय ना? मंग रडतीस कशाला?"

त्या पायडलवर मी महाडच्या कॉलेजात गेले आणि बी. ए. झाले. आमच्या वाडीत ग्रॅज्युएट झालेली मी पहिली. बायकांत पहिली आणि बाप्यांतही पहिली. निकाल लागला तेव्हा आत्याने हातातलं शिवण खाली न ठेवता विचारलं, "आता तू इंग्रजी कागद वाचशील ना गो? मला मुंबईच्या डॉक्टराकडं जायचंय."

तिचा उजवा गुडघा संधिवाताने पार आतल्या बाजूला वाकला होता. ती चिंबोरीसारखी तिरकी चालायची. मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात गुडघा बदलतात, असं बाळूकाकाने सांगितलं होतं. बाळूकाका म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गोदीत कामाला. गुडघा बदलतात! आमच्या वाडीत ही बातमी माणूस चंद्रावर गेल्यापेक्षा मोठी ठरली. शेजारच्या सोनाकाकू तर घाबरूनच गेल्या. "पारू, लोखंड घालतील गो! आपल्याकडं पाऊस किती! गंजलं तर?"

"गंजू दे," आत्या म्हणाली. "मशीनच्या तेलाची बुधली हायच घरात."

ऑपरेशन झालं. गुडघा सरळ झाला, अगदी फूटपट्टीसारखा. मी आनंदाने नाचायचीच बाकी होते. पण आत्या पावलाकडे बघत होती. "शकू, ह्या पायावर कुणी फडकं टाकलंय काय गो?" फडकंबिडकं काही नव्हतं. घोट्याखाली पाऊल बधिर होतं आणि वर उचलत नव्हतं. डॉक्टरांनी तिला समजेल असं सांगितलं: गुडघा वर्षानुवर्षं वाकडा होता, सरळ केला तेव्हा बाजूची शीर ताणली गेली. असं कधीकधी होतं. सुधारेल, पण शीर फार हळू बरी होते आणि पूर्ण बरी होईलच असं नाही.

"म्हंजे दोरा ताणला, तुटला नाय?"

डॉक्टर हसले. "अगदी तसंच."

"मंग ठीक हाय," आत्या म्हणाली आणि मला डोळा मारला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पाऊल खालीवर करायला शिकवलं आणि विचारलं, "घरी पायाने करायचं काही काम आहे का?" आत्या म्हणाली, "मशीन." बाई म्हणाल्या, "मग उत्तम! आधी हळू, मग नेटाने. आणि बधिर पायाला शेक अजिबात नको. पाय रोज डोळ्यांनी बघायचा, कारण त्याला लागलेलं तुम्हाला कळणार नाही."

घरी आल्यावर खरी मजा सुरू झाली. मजाच म्हणायची, कारण आत्या तिची मजाच करायची. पाऊल बधिर, पण आतून आग. "ह्यो पाय माझा नाय गो, शेजाऱ्यानं ठेवायला दिल्यागत वाटतो. आणि तरी मिरची ह्यालाच कशी झोंबते?" गोधडीचा नुसता स्पर्शही सोसायचा नाही. तिने कोंबड्या झाकायचं डालगं धुऊन घेतलं आणि झोपताना पाय त्याच्या आत घालून वरून गोधडी ओढू लागली. गोधडी डालग्यावर, पाय मोकळा! आईने कपाळाला हात लावला. "आज अंडं घालतेस काय?" आत्या म्हणाली, "घातलं तर तुलाच देईन."

बाजारात चपला पायातून निघून जायच्या आणि हिला पत्ताच नसायचा. पोरं मागून ओरडायची, "आत्या, तुमची चप्पल मागंच राहिली!" ती वळून म्हणायची, "तिला म्हणावं, ये सावकाश." शेवटी परकराच्या नाडीचा आणि गणवेशाच्या इलॅस्टिकचा तिने एक पट्टा शिवला, एक टोक पावलाला, दुसरं पोटरीला. लोंबकळणारं पाऊल वर उचललेलं राहू लागलं.

पण पौष महिन्यात घात झाला. मी महाडला नोकरीवर होते. आत्या कण्हत होती म्हणून सोनाकाकूंनी जिव्हाळ्याने वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि पायाला लावली. शेक नको हे आत्या दुखण्यात विसरली, आणि बधिर पायाला काय कळणार? ती म्हणत राहिली, "अजून ऊब येत नाय गो." फडकं काढलं तेव्हा पायाला मोठा फोड. काकू ओट्यावर बसून धाय मोकलून रडल्या. आत्या म्हणाली, "तू रडतीस आणि जळालं मला! गप गो." पण नंतर मी आले तेव्हा ती एकटी मशीनजवळ बसली होती. पायडलवरची धूळ पदराने पुसत होती.

बाळूकाका मुंबईहून धावत आला. पाय बघून त्याचा पारा चढला.

"बस झालं ताय! मार्चला मी चवदार तळ्यावर येतोय. परतताना तुला घेऊन जाणार. खोलीत बस, आराम कर. मशीन देऊन टाक कुणाला तरी."

"बसून काय करू?"

"टीव्ही बघ. चाळीत आलाय."

"आणि मार्चपर्यंत मी मशीन चालवलं तर?"

"चालवलं तर बघू," काका म्हणाला. तो हसत नव्हता.

कुणी म्हणालं, हातानं फिरवायचं मशीन घे. आत्या उसळली. "एक हात चाक फिरवणार, मंग कापड कोण धरणार? तुझा बाप?" जखम भरली त्या दिवशी तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "वादी काढ." पोरींना पहिल्या दिवशी बसवायची तशी ती स्वतः बसली. नुसतं पायडल. डावा पाय नेऊ लागला, उजवा निघाला त्याच्या मागे. पण उजवा कधी घसरून जमिनीवर पडे, ते तिला कळत नसे. सारखं खाली बघितलं की मान दुखे, लय जाई. मग तिने सोनाकाकूंच्या शेळीची घंटी मागून आणली आणि घोट्याला बांधली. पाय पायडलवर असला की घंटी तालात वाजायची. घसरला की मुकी. पायाला कळत नव्हतं ते आता कानाला कळू लागलं!

पुढे वादी चढली. दोरा ओवला. आणि तुटला. परत ओवला, परत तुटला, कारण पायडल उलटं पडत होतं. शिकायला येणाऱ्या पोरी भोवती उभ्या राहून तिलाच सांगायच्या, "आत्या, पाय शिकला की हात आपसूक शिकतो!" आत्या हातातलं फडकं त्यांच्या अंगावर फेकायची. पायाची आग व्हायची तेव्हा दातांत पदर धरून थांबायची, आग ओसरली की पुन्हा सुरू. एका दुपारी निळ्या कापडाची कड सरळ शिवून झाली. एकही दोरा न तुटता! आम्ही सगळ्या एवढ्या ओरडलो की बाजारपेठेतून माणसं बघायला आली. चवदार तळ्यावर न्यायचे आमच्या वाडीचे झेंडे दरवर्षी आत्याच शिवायची. ह्या वर्षीही तिने तेच कापड पुढ्यात घेतलं होतं.

चवदार तळ्यावर जायच्या आदल्या दिवशी बाळूकाका आला. दारातूनच म्हणाला, "ताय, बांधाबांध झाली का?" आणि ओटीवर बसायला वळला. तेव्हा दिसलं, त्याची नवी टेरिकॉटची पँट मागून हातभर फाटली होती. एसटीच्या सीटचा खिळा. उद्या त्याला हजारो माणसांत उभं राहायचं होतं, आणि दुसरी पँट आणलेली नव्हती.

"काढ," आत्या म्हणाली.

"असू दे, बाजारात देतो."

"बाजारातला टेलर उद्यासाठी महाडला गेलाय. काढ म्हणते ना!"

काका टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसला. आत्याने पँट मशीनवर घेतली. दोन्ही पाय पायडलवर ठेवले, एकदा खाली बघितलं आणि मग बघितलंच नाही. मशीन धडधडत सुटलं. जाड शिवणीपाशी हळू झालं, पुन्हा सुटलं. काका आधी पँटीकडे बघत होता, मग पायांकडे बघू लागला. दोरा एकदाही तुटला नाही.

त्याने घसा खाकरला. "ताय, ते तुझं सामान..."

आत्याने पँट हातातच धरून ठेवली. "आधी सांग, पँट पायजे का सामान?"

आई पदर तोंडात कोंबून आत पळाली. काका टॉवेल सावरत आम्हा सगळ्यांकडे बघत राहिला. मग त्यालाच हसू फुटलं. "पँट दे. सामान ऱ्हाऊ दे."

आत्या आता नाही. तिच्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट शेवटपर्यंत बधिरच राहिले, आणि थंडीत आगही उसळायची. तसं नव्हतं असं मी खोटं लिहिणार नाही. पण ती मुंबईला गेली नाही. त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या वाडीतल्या पोरांच्या अंगावरचे गणवेश पारूआत्याने शिवलेले होते, स्वतःच्या मशीनवर, दोन्ही पायांनी.