कोरा रकाना

देवरीच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे आणि त्याला लागूनच वकीलसाहेबांचं. भर मे महिन्यातही काळा कोट त्यांच्या अंगावर असतो, आणि कोटाच्या खिशात पक्षाचा दुपट्टा. पक्षकाराला चहा पाजताना ते केसच्या आधी विचारतात, "तुमच्या गावात मतं किती गा?" एक दिवस आपण आमदार होणार, हे ते उद्याची तारीख सांगावी तसं सांगतात.

मागच्या पंचायत समितीच्या निवडणुकीला उमेदवार दोनच होते, त्यातले एक वकीलसाहेब. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना, त्यांच्याविरुद्ध उभा राहणारा माणूस माझ्याच टेबलावर अर्ज भरून उठला. गुन्ह्यांचा रकाना त्यानं कोरा सोडला होता. असा अर्ज बाद होतो, म्हणजे वकीलसाहेब बिनविरोध. मी ते पाहिलं आणि मान खाली घालून मशीनला नवा कागद लावला.

"काऊन गा, हे कोरं काऊन ठेवलं?" वकीलसाहेब शेजारून ओरडले. "गुन्हा नसन तरी 'निरंक' लिहा लागते!" आणि स्वतःचा पेन त्यांनी पुढे केला.

त्याच पेनानं ते हरले.

निकालानंतर सोमवारी ते नेहमीसारखे टेबलावर आले. मला राहवलं नाही. "साहेब, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिले असते तर..."

"तू गप्पच होता ना," कोट झटकत ते म्हणाले. "मीही गप्प राहिलो असतो, तं त्याले सांगतलं असतं कोनं?"