हंड्याचा पोचा

पोटमाळ्यावरून पितळी हंडा माझ्या डोक्यात पडला, तेव्हा आई आधी ओरडली ती हंड्यासाठी. "अगो बाय, हंड्याक पोचो इलो!" मग तिने माझ्याकडे पाहिलं. हे मी तिला अजून ऐकवते आणि ती अजून म्हणते, "खोटा बोलू नको."

लालबागच्या आमच्या चाळीत दोन दिवस पाणी येणार नव्हतं, म्हणून हंडा काढायचा होता. एवढंच. रक्त नाही, बेशुद्धी नाही, टेंगूळ तेवढं आलं. हॉस्पिटलात सीटी स्कॅन केला, सगळं ठीक आहे म्हणाले, घरी पाठवलं. दोन-तीन दिवसांत मी परळच्या शाळेत वर्गावर उभी. पोरांनी एका सुरात "नमस्ते बाई" म्हटलं आणि मी टेबल घट्ट धरलं. आवाज कानात शिरून आत कुठेतरी आपटत होता.

मग ते सुरूच राहिलं. ट्यूबलाइट सहन होईना. फळ्यावर तारीख लिहायला वळावं तर वार आठवेना. बसले की उठावंसं वाटे, उठले की गरगरे. रात्री झोप नाही आणि दिवसा डोळे उघडत नाहीत. पोरांवर विनाकारण खेकसायला लागले. आधीही मी काही गरीब गाय नव्हते, पण आधी निदान कारण असायचं.

महिना उलटला तरी हेच, म्हणून एमआरआय काढायला सांगितला. आदल्या संध्याकाळी आईने गावच्या देवीला गाऱ्हाणं घातलं. आमच्या कोकणात देवापुढे उभं राहून मोठ्या आवाजात मागणं मागायचं आणि घरच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी रीत. खरं तर पुरुषांनी घालायचं, पण वडील गेल्यापासून आईच घालते, आणि असं घालते की खालच्या वाण्यालाही कळतं आमच्या घरात काय कमी आहे. "आई, माझ्या चेडवाचो रिपोर्ट नॉर्मल येवंदे, पाच सवाशिणींका जेवक घालीन!" मी कानांवर हात दाबून "व्हय म्हाराजा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्या मशीनमध्ये आडवी केली. "मॅडम, अजिबात हलायचं नाही." न हलणं! मला तर तेव्हा एका जागी चहा प्यायलाही जमत नव्हतं. मशीनची ठकठक सुरू झाली आणि मी मनात घोकत राहिले, दिसू दे, काहीतरी दिसू दे. छोटासा डाग पुरे. बोट ठेवून दाखवता येईल एवढा.

रिपोर्ट नॉर्मल आला. आईने चाळभर पेढे वाटले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छानच झालं की! मग आता पूर्ण वेळ या." मी पेढा तोंडात घालून रडले, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "आनंदाचे अश्रू गं बाई."

शेवटी गिरगावातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "अशा फोटोत रक्तस्राव असेल तर दिसतो, मोठी इजा असेल तर दिसते," त्या म्हणाल्या. "मेंदूचं काम कुठे अडखळतंय ते दिसेलच असं नाही. तुमचा त्रास खरा आहे. बहुतेक जण बरे होतात, पण काहींना फार वेळ लागतो. काम हळूहळू वाढवा." तो वेळ अजून चालूच आहे. वर्ष होऊन गेलं, तरी दुपारनंतरचा तास मी घेत नाही.

त्या दिवशी घरी येऊन डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आईला सांगितलं. ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "देवीन दिल्यान, ता तू नाय म्हणतंस?" घ्या! आता माझं डोकं दुखतंय म्हणायचं म्हणजे देवी खोटी म्हणायचं. डॉक्टरांशी भांडता येतं, आईशी तर रोजच भांडते, देवीशी कुठल्या तोंडाने भांडू? बाकी कोणी विश्वास ठेवला नसता तरी चाललं असतं. आईने ठेवायला हवा होता.

नवस फेडायचा दिवस उजाडला. कुकरच्या शिट्ट्या, बांगड्या, पाच बायका एकाच वेळी बोलतायत. काकू वडे वाढून घेत म्हणाल्या, "एवढा मोठा हंडा पडला, पण पोरीच्या मेंदूला ओरखडा नाही!" आई कौतुकाने हसली. ते हसू बघून माझं टाळकंच सटकलं. मोरीतला हंडा उचलला आणि पानांच्या मधोमध आदळला. "हा बघा पोचा! पितळेला पडलाय! माझं डोकं काय लोखंडाचं आहे?"

त्या आवाजाने माझीच शुद्ध जायची वेळ आली. भिंतीला टेकून, डोकं गच्च धरून मी खाली बसले. बायका कशाबशा जेवून, ओट्या घेऊन निघून गेल्या. आईने ताटं एकेक करून घासली, एका ताटाला दुसरं लागू न देता. मग हंडा पुसला आणि पोच्यावरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिली.

सकाळी तिने मला देवापुढे बोलावलं.

"माजा चुकला गो," ती म्हणाली. "मिया रिपोर्ट नॉर्मल येवंदे, इतक्याच मागलंय. तू बरी होवंदे म्हणूक विसारलंय. मागूकच नाय, तर देवी तरी काय करतली?"

तिने हात जोडले. आता चाळ हादरणार म्हणून मी कानांवर हात नेले. पण आवाज आलाच नाही. तिचे नुसते ओठ हलत होते. ऐकू यावं म्हणून मी हात काढले आणि तिच्या अगदी जवळ सरकले. आई कुजबुजत गाऱ्हाणं घालत होती.

मीही तेवढंच हळू म्हटलं, "व्हय म्हाराजा."