दक्षिणेचं दार

घराची नोंदणी झाली त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरताना घर विकणाऱ्या बाई मला म्हणाल्या, “घराबरोबर फुलवाली येते, बरं का.” मला वाटलं, गंमत करताहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजमापं घ्यायला गेले. दाराच्या डाव्या हाताला, भिंतीलगतच्या लांब दगडी कट्ट्यावर एक बाई टोपली मांडून शेवंतीच्या माळा ओवत बसली होती. मालकिणीने नव्या भाडेकरूला न्याहाळावं तसं तिने मला न्याहाळलं. मग कोपरापासून बोटांपर्यंत मोजून हातभर मोगरा तोडला आणि माझ्या हातात ठेवला.

“देवाला. रोज देते. जागेचं भाडं.”

“कोणी ठरवलं?”

“आधीच्या अम्मांनी. तुम्हाला कमी वाटत असेल तर तुमच्या हाताने मोजा. तुमचा हात माझ्याहून आखूडच आहे.”

बंगळुरातल्या बसवनगुडीतलं हे घर मुळात एका वकिलांनी बांधलेलं. ग्रॅनाइटच्या जाड भिंती, पुढे तीन उंच पायऱ्या आणि पक्षकारांना बसायला हा कट्टा. वकिलांच्या मुलांनी ते एका डॉक्टरांना विकलं. पक्षकार गेले, पेशंट आले, कट्टा तोच राहिला. डॉक्टरांकडून एका बँक अधिकाऱ्यांनी घेतलं आणि त्यांच्या मुलीकडून आम्ही. बँकवाल्यांकडे वाट बघत बसायला कोणी येत नसे, म्हणून कट्टा रिकामा पडला आणि फुलवाली आली. प्रत्येकाने घरात काहीतरी आपलं केलं होतं. कोणी खिडक्यांना गज बसवले, कोणी लाल गुळगुळीत जमिनीवर पांढऱ्या टाइल्स चढवल्या. त्या मी पहिल्या आठवड्यात काढायला लावल्या. पण बाजूच्या खोलीतलं भिंतीतलं कपाट मला फार आवडलं. दगडी भिंतीत माणसाच्या उंचीचं, एवढं खोल कपाट कोण करून ठेवतं? सामान यायच्या आधीच मी त्याच्या फळ्यांना चिठ्ठ्या लावल्या: औषधं, बिलं, हत्यारं, दिवाळीचे दिवे.

घर घेतलं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर ते होसकोट्याला एकटेच राहत होते. तिथल्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली, तिथेच मित्र, तिथेच रोजचा कॉफीचा अड्डा. अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय गेला. चाकांची खुर्ची आली. व्यायाम शिकवणारी मुलगी आणि दवाखाना दोन्ही जवळ असावं म्हणून मी हे घर शोधलं. सगळं तपासलं होतं. एकच मजला, रुंद दारं, सपाट न्हाणीघर. पायऱ्यांवर उतार बांधून टाकू, असं धरून चालले होते.

अण्णांना आणलं त्या दिवशी दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आत आल्यावर म्हणाले, “आता मला उचलायचं ते एकदाच. त्याच्या आधी नाही.”

त्यांनी ते खरं केलं. व्यायामाची मुलगी घरी येऊ लागली, न्हावी घरी आला. अण्णा पुढच्या खिडकीशी बसून राहत. माझ्या घरात ते पाहुण्यासारखे वागत होते. “पंखा लावू का?”, “पेपर घेऊ का?” असं मला विचारत. जन्मभर ज्यांनी कोणाला विचारलं नाही, त्यांच्या तोंडून हे ऐकवत नव्हतं.

उतारासाठी गवंडी आला. त्याने पायऱ्यांची उंची घेतली, दारापासून फुटपाथपर्यंत टेप धरला आणि मान हलवली. समोर उतार काढला तर घसरगुंडी होईल, खुर्ची थेट रस्त्यावर. लांब उतार हवा, आणि त्याला जागा एकच, भिंतीच्या कडेने. कट्टा काढून.

मी कट्टा काढायचं ठरवलं. फुलवालीला सांगायला बाहेर गेले.

“सरी, बरं,” ती म्हणाली. “काढा. मी तुमच्या गाडीसमोर बसते.”

“कोपऱ्यावर जागा आहे की.”

“कोपऱ्यावर माझी जाऊबाई बसते. तिच्याशेजारी बसण्यापेक्षा मी फुलं विकायचं सोडेन.”

खिडकीतून अण्णांचा आवाज आला. “तिला उठवायचं नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही.”

“अज्जा, तुम्ही गप बसा,” ती वर न बघता म्हणाली. “तुम्हाला बाहेर यायला नको का? दिवसभर माझ्या डोक्यावर बसता ते.”

“अज्जा कोणाला म्हणतेस? मी काय तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे?”

“नाही, नाही. स्वल्प लहान.”

अण्णा हसले. या घरात पहिल्यांदा. आणि माझी पंचाईत झाली, कारण त्यांना हसवणारं एकमेव माणूस मी उठवायला निघाले होते.

संध्याकाळी मी घर विकणाऱ्या बाईंना फोन केला. कट्ट्याबद्दल फुलवालीला कोणी काही लिहून दिलंय का, एवढंच विचारायचं होतं. लिहून कोणी काही दिलं नव्हतं. मग मी माझी अडचण सांगितली.

त्या म्हणाल्या, “मग डॉक्टरांचं दार का नाही उघडत?”

“कुठलं दार?”

“बाजूच्या खोलीत दवाखाना होता ना. पेशंटना पायऱ्या चढवेनात म्हणून डॉक्टरांनी बाजूच्या बोळात दार काढलं होतं. बोळ चढाचा आहे, तिथे जमीन जवळजवळ आतल्या फरशीला येते. आम्ही घर घेतलं त्या वर्षी बाबांची बढती हुकली. कोणीतरी सांगितलं, दक्षिणेचं दार आहे, बंद करा. बाबांनी बाहेरून विटा लावल्या आणि आतून कपाट केलं.”

मी कपाटाकडे बघत होते. “मग मिळाली बढती?”

“मिळाली. आणि धारवाडला बदली. तीन वर्षं एकटे खानावळीत जेवले.”

फोन ठेवून मी फळ्या रिकाम्या केल्या. मागची भिंत बोटाने वाजवली तर आवाज दगडाचा नव्हता.

अण्णांना सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, कारण विचारायला हवं होतं, “दक्षिणेकडे उघडेल. तुम्हाला चालेल?”

“मला यमाकडे जायचं नाही,” अण्णा म्हणाले. “कॉफीला जायचंय.”

विटा एका सकाळी निघाल्या. आत दगडी चौकट जशीच्या तशी होती, उंबरा पेशंटच्या पायांनी मधोमध झिजलेला. बाहेर वीतभर उंचीचा फरक राहिला, त्याला छोटासा उतार पुरला. शेजाऱ्यांची स्कूटर आमच्या बोळात उभी असायची, तिच्यावरून दोन दिवस बोलाचाली झाली, मग तीही हलली. माझी औषधं आणि बिलं पलंगाखालच्या खोक्यात गेली, ती अजून तिथेच आहेत.

पहिल्या दिवशी मी बरोबर गेले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात सगळे उभ्याने खातात, टेबलं छातीएवढी उंच. अण्णांनी पेला मांडीवर धरून कॉफी प्यायली, थोडी पँटवर सांडली, दुसरी मागवली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “तू नको येऊस.” मी फुलवालीपाशी उभी राहून लागत नसलेली शेवंती निवडत राहिले.

“जा आत,” ती म्हणाली. “मी बघते. पडले तर ओरडेन.”

पडले नाहीत. बऱ्याच वेळाने उताराशी आले. घाम आला होता, दम लागला होता. दार मी आतून लावून घेतलं होतं, म्हणून ते बाहेर तसेच थांबले होते. मी धावत जाऊन उघडलं.

“या दाराची चावी कोणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“एक माझी करून आण. आणि कुलूप खाली घे. माझा हात पोचायला हवा.”

या वेळी शेवटी ‘का?’ नव्हतं. त्याच दिवशी मी सुताराला बोलावून कुलूप खाली घेतलं. आता ते उघडताना मला वाकावं लागतं.