बू शाहीनच्या बोटीचं इंजिन

बू शाहीनच्या बोटीला एकदाचं इंजिन बसलं आणि बहरीनमधल्या आमच्या गलाली गावातल्या सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तसा हा माणूस सबंध हिवाळा इंजिनं बघत फिरत होता. दुकानात गेला की ते चालू करायला लावायचा, डोळे मिटून त्याला कान लावायचा आणि मान हलवून पुढच्या दुकानाची वाट धरायचा. मनामातल्या एका दुकानदाराने मला हळूच विचारलं, "तुमचे हे मित्र डॉक्टर आहेत का?"

डॉक्टर कुठला. बू शाहीनची सगळी नोकरी विमानतळावर सामान चढवण्यात गेली. विमानांच्या आवाजावर आवाज काढून काढून त्याचा गळा असा तयार झालाय की घरी मीठ मागितलं की शेजारचे मीठ घेऊन येतात. निवृत्त झाला आणि त्याने सोळा फुटी बोट घेतली. मासे मारायला नाही, बायकोला घेऊन संध्याकाळचं समुद्रावर फिरायला. इतकी वर्षं रात्रपाळ्यांमुळे दोघांची गाठ पडायची ती दारात, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना.

बोटीबरोबर एक जुनं इंजिन आलं होतं. पहिल्याच फेरीत त्याच्या बायकोच्या, उम्म शाहीनच्या, शेजारी ठेवलेलं मच्छबूसचं पातेलं, भात-माशासकट, कलंडून पाण्यात गेलं. ती पुढून ओरडत होती. हा मागे दांडा धरून बसलेला. बायकोला समुद्र फारच आवडलेला दिसतोय असं समजून तो हसत हसत हात हलवत राहिला. बऱ्याच वेळाने इंजिन बंद करून त्याने विचारलं, "जेवायचं का?"

त्या दिवशी घरी येऊन उम्म शाहीनने अट घातली. "मी पुढे बसून साध्या आवाजात बोलले, आणि ते तुला मागे ऐकू आलं, तरच मी त्या बोटीत पाय ठेवीन. नाही तर तू आणि तुझी बोट सुखाने नांदा."

म्हणून ती कान लावायची मोहीम. अखेर त्याला वीस एचपीचं एक फोर-स्ट्रोक सापडलं. चालू आहे की नाही हे हात लावून बघावं लागे, इतकं शांत. सौदा ठरला, दुसऱ्या दिवशी आणायचं ठरलं, आणि त्या आनंदात बू शाहीन संध्याकाळी बू गानिमच्या मजलिसीत येऊन बसला. घोटाळा झाला तो तिथे.

बू गानिम आमच्यातला वडीलधारा. त्याच्या मोठ्या बोटीचं दीडशे एचपीचं जुनं इंजिन नवं आल्यावर अंगणात आलं होतं. त्याच्यावर चादर असे आणि दर शुक्रवारी त्याला गोड्या पाण्याने आंघोळ. बू शाहीन त्या दिवशी इतका खुशीत होता की चादर उचलून म्हणाला, "बू गानिम, इंजिन म्हणावं तर हे. सगळ्या मुहर्रक बेटावर याला जोड नाही."

आता आमच्याकडे कुणी एखाद्या वस्तूची तारीफ केली की मालकाने "तुझीच आहे, घेऊन जा" म्हणायचं, आणि दुसऱ्याने "तुमच्याकडेच शोभते" म्हणून विषय संपवायचा. अशी घड्याळं, बंदुका, एकदा तर अख्खी उंटीण या मजलिसीत दिली गेलीय आणि कधीच कुठे गेली नाही. बू गानिम रिवाजाप्रमाणे म्हणाला, "तुझंच आहे." बू शाहीनच्या डोळ्यांपुढे मात्र आपली सोळा फुटी आली. तो घाबरून म्हणाला, "नको नको, मला हे नको."

"नको म्हणजे? जुनं आहे म्हणून?"

"तसं नाही, पण मला खरंच नको."

"मग वल्ला, अल्लाची शपथ, उद्या हे तुझ्या बोटीवर बसलेलं पाहिल्याशिवाय मी कॉफीचा घोट घेणार नाही."

बोलून झाल्यावर बू गानिम स्वतःच दचकला. कॉफीवाला दल्ला, म्हणजे कॉफीची किटली, घेऊन नेमका तेव्हाच वाकला होता. त्याला परत पाठवताना बू गानिमचा चेहरा बघवेना. हा माणूस डोळे उघडायच्या आधी कॉफी पितो.

घराकडे येताना बू शाहीनने माझा दंड धरला. "आता काय करू? नको म्हटलं तर म्हातारा शपथेत खोटा पडतो. घेतलं तर ती बोटीत बसत नाही."

"तिला नीट समजावून सांग."

"कसं सांगू?"

दार उघडून उम्म शाहीनच उभी होती. "सांगायचं काय राहिलंय? तू कुजबुजलास ते नाक्यापर्यंत गेलं. घे त्यांचं इंजिन, माणसाचा मान राहू दे. मी घरी बसते." तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी धक्क्यावर बू गानिम डोकं बांधून आला. डोळ्यांवर काळा चष्मा. कुणी सलाम केला तरी त्याच्या डोक्यात कळ जात होती. चौघांनी साखळीने ते धूड उचलून बोटीच्या मागच्या फळीवर टेकवलं. बोटीचं नाक वर आकाशात गेलं आणि मागून पाणी आत यायला लागलं.

"बू गानिम," बू शाहीन म्हणाला, "बसलंय?"

"बसलंय."

"दिसतंय तुम्हाला?"

"दिसतंय."

"मग आधी कॉफी घ्या बघू."

दल्ला बरोबर आणलेलाच होता. एक पेला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यानंतर बू गानिमने चष्मा काढला. इंजिनाकडे न बघता, समुद्राकडे तोंड करून तो म्हणाला, "बू शाहीन, एक विचारतो, राग मानू नकोस. हे उतरवायचं नाही, असं काही मी काल बोललो होतो का?"

"नाही," आम्ही सगळे एकदम म्हणालो.

"कारण तुझी बोट बुडतेय."

"थोडीशी."

"उद्या तुझं बरंवाईट झालं तर उम्म शाहीनला मी काय तोंड दाखवू? उतरवा रे ते. हळू. रंग खरचटेल."

चढवायला चौघे लागले होते, उतरवायला धक्क्यावरचे सगळे धावले. ते गाडीत नीट आडवं झाल्यावर बू गानिमने त्यावर चादर घातली आणि बू शाहीनला मिठी मारली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या," तो म्हणाला.

"कॉफीमुळे?"

"कॉफीचं कोण बोलतंय."

दुपारी वीस एचपीचं आलं आणि दोन बोल्टांत बसलं. तिसऱ्या प्रहरची अस्राची नमाज झाल्यावर उम्म शाहीन अबाया सावरत आली, बोटीत पुढे बसली ती नवऱ्याकडे पाठ करून. तिचा अजून विश्वास नव्हता. आम्ही कॉफी पीत धक्क्यावर बसलो होतो. बोट निघाली तेव्हा पाण्यावर रेघ उमटली, आवाज म्हणावा असा आलाच नाही.

जरा अंतर गेल्यावर तिने मान न वळवता काहीतरी म्हटलं असावं. बोट डावीकडे वळली. आम्ही पेले खाली ठेवले. थोड्या वेळाने बोट उजवीकडे वळली. मग पुन्हा डावीकडे, भरल्या समुद्रात, काही कारण नसताना.

"कुठे चाललेत हे?" बू गानिमने विचारलं.

"ती म्हणेल तिकडे," मी म्हणालो.

आणखी एक वळण झालं. मग उम्म शाहीन उठली, बोटीच्या कडा धरत धरत मागे गेली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली.