होर्वाथांचा सोयरा

"आडनाव सांगा, मंग च्या पाजतो."

आमच्या छत्तीसगढातल्या हथखोजच्या कारखान्यात कोणी नवा माणूस आला की मिस्त्री त्याला असं अडवायचे. आधी खिशातून कापसाचा बोळा काढून एकेक बोट वेगळं पुसायचे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. समोरचा तोवर ताटकळत उभा. मग हा प्रश्न. ट्रकचा ड्रायव्हर असो की विम्याचा एजंट, मराठी आडनाव निघालं की मिस्त्री खुलायचे. "म्हंजे तुमसरकडले का साकोलीकडले? साकोलीत तं तुमची लय घरं हायेत." आणि खरंच चहा पाजायचे.

त्यांना कोणी उलट विचारलं, "आणि तुमचं?" तर बोळा खिशात जायचा. "मिस्त्री म्हना ना. सारे मिस्त्रीच म्हनते."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. सगळ्या गावाची विचारपूस करतो आणि आपल्या घराचं दार लोटून ठेवतो. आपण म्हणतो, स्वभाव. मीही तेच म्हणत होते.

मी या कारखान्यात हिशेब बघते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. माझ्या बापानं विटा वाहून मला बी.कॉम. केलं, आणि हे मी कुठंही, कुणापुढंही सांगते. मिस्त्रींना त्याचं फार कौतुक. मला ते मॅडमबाई म्हणायचे. मॅडम म्हटलं तर परकं वाटतं आणि बाई म्हटलं तर शिक्षण वाया जातं, असा त्यांचा हिशेब.

आमच्या मालकांनी स्लोव्हाकियातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना प्रेस आणला. तापलेलं लोखंड दाबून आकार द्यायचं अजस्र यंत्र. ते बसवायला तिकडून एक इंजिनियर आला. उंच, लालबुंद, घामानं कायम भिजलेला. मिस्त्री त्याच्या हाताखाली आणि मी दुभाषी, कारण ऑफिसात इंग्रजी मलाच येत होतं. त्याचंही इंग्रजी माझ्यासारखंच, शिकून आलेलं. म्हणून आमचं जमलं.

पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी बोटं पुसली. "साहेबाले आडनाव इचारा."

"होर्वाथ," साहेब म्हणाला.

"कोनते होर्वाथ? गावात किती घरं?"

मी विचारलं. साहेब हसत सुटला. त्यांच्या देशात दगड भिरकावला तर होर्वाथला लागतो म्हणे. पूर्वी क्रोएशियाकडून जे आले त्यांना स्लोव्हाकियातले लोक होर्वाथ म्हणू लागले. कोणी खरंच तिकडून आलेला, कोणाला उगीच ते नाव चिकटलं. आता कोणाचं कोणाशी नातं नाही.

"म्हंजे इथले छत्तीसगढी लोक आपल्या साऱ्या मराठी मानसाले नागपुरिहा म्हनते तसं," मिस्त्री म्हणाले. "आन हा खरा होर्वाथ का खोटा?"

साहेबानं खांदे उडवले. माहीत नाही. कोणी विचारत नाही.

"कोनीच इचारत नाही?" मिस्त्रींनी मला तीनतीनदा विचारलं. जणू मीच काही गाळत होते.

प्रेस बसला, साहेब गेला. जाताना मिस्त्रींचे दोन्ही हात धरून म्हणाला, तुझ्यासारखा फिटर आम्हाला हवाय, ये. मी म्हटलं, पासपोर्ट काढा, मी फॉर्म भरून देते. मिस्त्री म्हणाले, "पोलीस घरी येते म्हनते चौकशीले. मूळ गावापर्यंत जाते." मी म्हटलं, येऊ द्या की, तुम्ही काय चोरी केली? ते प्रेसखालच्या खड्ड्यात उतरले आणि तिथून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला.

होर्वाथ मात्र त्यांनी सोडला नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी यायचे. "आज कोन?" मी फोनवर शोधून वाचून दाखवायची. या आडनावाची नाव काढलेली माणसं इतकी निघाली की मलाही गंमत वाटायला लागली. एक फुटबॉल खेळणारा. एक नाटकं लिहिणारा. एक पुढारी. एक पाण्यावर नाव पळवून मेडल आणणारा.

"म्हंजे ढिवर!" मिस्त्री म्हणाले.

"खेळाडू, मिस्त्री. स्पर्धा असते."

"नाव चालवते ना? मंग ढिवरच. आन कालचा तो पुढारी, तो बी होर्वाथ. ढिवर बी होर्वाथ, पुढारी बी होर्वाथ! आपल्याकडे असं आडनाव असतं तं लगन जुळवनारा मध्यस्थ वेडा झाला असता."

ऑपेरात गाणारी निघाली तेव्हा मी तिचं गाणं लावलं. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं, घास तोंडात तसाच. "दंडारीतली लावनीवाली बरी होती," म्हणाले, "पन आपलीच हाय, वाईट कसं म्हनावं." पोरं त्यांना 'होर्वाथांचा सोयरा' म्हणायला लागली. ते चिडले नाहीत. प्रेसवर परदेशी अक्षरांचा एक पितळी पत्रा होता, तो रोज चिंचेनं घासायचे.

मग एके दिवशी त्यांनी वेगळंच विचारलं. "मॅडमबाई, होर्वाथाचं होर्वाथनीशी लगन होते का?"

"होत असेल की. नातं नसेल तर का नाही? बाईचं आडनाव तिकडं होर्वाथोवा होतं, एवढाच फरक."

"कोनी म्हनत नाही, भाऊ-बहीन हाय म्हनून?"

"नाही."

त्यांनी डबा न उघडताच उचलला आणि गेले.

मी मागोमाग गेले. मिस्त्री खड्ड्यात. प्रेसचा पाया तिथं असतो, तेल झिरपतं, माणूस उभा राहिला तर जेमतेम डोकं बाहेर येतं. मी म्हटलं, वर या, काय झालं ते सांगा. "इथंच बरं हाय," म्हणाले. मग मीच काठावर बसले आणि खालून आवाज आला.

त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत शिकवत होती. स्मृतीनगरातल्या एका बँकेतल्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलगा मराठी, चांगल्या घरचा, जातीतला. सगळं जुळत होतं, फक्त मुलाचं आणि मिस्त्रींचं आडनाव एकच होतं. आणि आमच्यात एक आडनाव म्हणजे एक कूळ, एक कूळ म्हणजे भाऊ-बहीण. मुलाच्या घरून निरोप आला होता, हे होणार नाही.

"वाईट झालं," मी म्हटलं.

"पन ते आडनाव आमचं नाहीच ना, मॅडमबाई."

प्रेस बंद होता. तरी मी इकडेतिकडे पाहिलं.

मिस्त्रींचा बाप गावच्या, जातीतल्याच एका दोस्तासोबत इकडं आला होता. एका कारखान्यात काम लागलं ते दोस्ताला. तो भट्टी पाहून घाबरला आणि पहिल्याच आठवड्यात गावी पळाला. कारखान्याचा नावाचा बिल्ला खोलीवर टाकून गेला. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींचा बाप तोच बिल्ला छातीला लावून कामावर गेला. कोणी चेहरा पाहिला नाही, बिल्ला पाहिला. बापाला वाटलं, महिनाभर करू, मग बघू. त्याच नावानं तो रिटायर झाला. त्याच नावानं रेशनकार्ड, लेकाची शाळा, नातीची डिग्री. दोस्त गावात केव्हाच मेला.

"बापानं मरताना माह्याकडून शपथ घेतली. अन् पोट्टी म्हनते, 'पापा, हम भाई-बहन हैं क्या?' तिले काय सांगू? एक शबूद बोललो तं तिचं लगन होते. एक शबूद बोललो तं माहा बाप चोर होते."

मी आहेच तोंडानं फटकळ. म्हटलं, "मेलेल्याचं काय व्हायचं ते होऊ द्या. जितीचं बघा. सांगून टाका."

"तुमी येजा मंग. शिकलेलं मानूस बाजूले पाहिजे."

बोरसीला त्यांच्या घरी बैठक झाली. मुलाचे वडील, त्यांचे एक भाऊ, मुलगा. भिंतीला टेकून मिस्त्रींची म्हातारी आई बसली होती, मांडीवर सूप, सुपात लाखोळीची डाळ. मुलगी दाराच्या चौकटीत उभी. मी मिस्त्रींच्या शेजारी.

मुलाचे वडील ऑफिसातून रिटायर झालेले, मऊ बोलणारे. "मुलीला आमची ना नाही, मिस्त्री. गुणी आहे. पण एका कुळात सोयरीक केली तर आमच्या बाकी पोरांकडं कोण येईल? लोक तोंडात शेण घालतात."

मिस्त्रींनी खिशातून बोळा काढला. हाताला काही लागलेलं नव्हतं. तरी एकेक बोट पुसलं.

"हे आडनाव आमचं नाही," ते म्हणाले.

आणि सगळं सांगितलं. बिल्ला, भट्टी, पळून गेलेला दोस्त. मग खरं आडनाव सांगितलं. इतक्या खालच्या आवाजात की मलाही ऐकू आलं नाही.

मुलाच्या वडिलांनी आधी भावाकडं पाहिलं. मग हसले. कुचकट नाही, कीव आल्यासारखं. "मिस्त्री, लेकीसाठी माणूस काय काय करतो हो. पण बापच बदलायचा?"

"खरं सांगून राहिलो, भाऊ."

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलं? गावात कोणी आहे ओळख देणारं?"

कोणी नव्हतं. मिस्त्री आईकडं वळले. "माय, तू सांग."

म्हातारीचा हात डाळीत तसाच राहिला. सगळे तिच्याकडं बघत होते.

"मी काय सांगू?" म्हातारी म्हणाली. "माह्या मालकाचं नाव सरकारात लिवलं हाय, तेच हाय. याच्या डोक्याले गरमी चढली. दिवसभर आगीपाशी राहते ना."

आणि ती डाळ निवडायला लागली.

पाहुणे उठले. जाताना मुलाच्या वडिलांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. मी म्हातारीजवळ गेले. मला राग आला होता आणि मी तो लपवत नाही. "आजी, असं कावून केलं?"

ती वर न बघता म्हणाली, "जनमभर ज्याच्या हातचं खाल्लं, त्याले मेल्यावर चोर म्हनू? तू शिकलेली हाय, तूच सांग पोरी."

कॉलेजात यावर काही शिकवलेलं नव्हतं. मी चपला घातल्या.

मुलं थांबली नाहीत. आजकालची मुलं. रायपूरला जाऊन त्यांनी नोंदणी लग्न केलं. मुलाच्या घरून कोणी गेलं नाही, मिस्त्री गेले. साक्षीदार म्हणून सही केली, त्याच आडनावानं. दुसऱ्या दिवशी बुंदीचे लाडू घेऊन कामावर आले, सगळ्यांना वाटले, आणि शेवटचा माझ्या टेबलावर ठेवून खुर्ची ओढली.

"पोट्टीचं आडनाव बदललंच नाही, मॅडमबाई. होतं तेच राहिलं. पन आता तिचं हक्काचं हाय. नवऱ्याचं हाय. माह्या बापानं उसनं आनलं, तिनं घरचं केलं."

"मग चांगलंच झालं की."

"हाव." त्यांनी लाडवाचा चुरा बोटानं गोळा केला. "आता घरात उसना मी एकटाच."

मी फोन काढला. म्हटलं, आज एक नवा होर्वाथ सापडलाय, वाचू का? ते म्हणाले, राहू द्या. प्रेसकडं गेले. पितळी पत्रा घासण्याचा आवाज त्या दिवशी बराच वेळ येत होता.

त्यानंतर ते गेटावर नव्या माणसाला अडवेनासे झाले. चहा पाजायचे, पण काही विचारायचे नाहीत. आम्हालाच चुकल्यासारखं व्हायचं. आईशी बोलायचे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बोलतो ना. भाजी काय केली, डोळ्यात औषध घातलं का. दुसरं काय बोलाचं असते?"

दिवाळीच्या आधी मिस्त्री गेले. सकाळी कामावर यायला म्हणून चपला घातल्या आणि दारातच बसले, ते बसलेच.

दहाव्याला शिवनाथ नदीच्या घाटावर आम्ही कारखान्यातले गेलो होतो. मुलगा नाही, म्हणून मुलगीच विधीला बसली, शेजारी जावई. जावयाचे वडीलही आले होते, मागं उभे होते. म्हातारीनं हट्टानं यायचं ठरवलं होतं. तिला दोघांनी धरून पायरीवर आणून बसवलं.

तिळाचं पाणी सोडायची वेळ आली. पंडित छत्तीसगढी होता. त्यानं मुलीला सांगितलं, बापाचं नाव घे, पूर्ण नाव, आडनाव, मग पाणी सोड. मुलीनं ओंजळ पुढं केली. नाव घेतलं. आडनावाशी आली.

"थांब," म्हातारी म्हणाली.

मुलगी थांबली. बोटांच्या फटीतून पाणी गळत होतं.

"त्या नावानं त्याले पोचनार नाही." आणि म्हातारीनं एक आडनाव सांगितलं.

पंडितानं कान पुढं केला. "का कहेस दाई? फेर बता."

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं. घाटावर दुसऱ्यांचे विधी चालले होते, त्यांनीही वळून पाहिलं. जावयाच्या वडिलांनी मान खाली घातली. मुलीनं आजीकडं पाहिलं, मग नदीकडं. नव्यानं ओंजळ भरली आणि ते आडनाव लावून पाणी सोडलं.

मी वर आले. घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. मी दोन चहा सांगितले. एक हातात घेतला, दुसरा फळीवर राहू दिला.

टपरीवाल्यानं इकडंतिकडं पाहिलं, दुसरा कोणासाठी ते विचारलं. "दूसर ह काखर बर हे, दीदी?"

मी त्याला मिस्त्रींचं आडनाव सांगितलं.