पत्राखालचं ‘येतो’

घरातून बाहेर पडताना मी ‘निघतो’ म्हणतो. आमच्या वाईच्या घरात एवढंही चालत नसे. ‘जातो’ तर अभद्रच. उंबऱ्याबाहेर पाय टाकताना ‘येतो’ म्हणायचं, ही आईची शिकवण. बायकोचाही तोच हट्ट. “एवढा एक शब्द म्हणायला जीभ झडते का तुमची?” असं ती अजून विचारते. झडत नाही. पण त्या शब्दाने मी एकदा काय करून बसलो, ते तिला सांगायचं धाडस मला झालेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत खोली घेऊन मी एकटा राहत होतो आणि कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. पंपाच्या भागांची ड्रॉइंग काढायची, एवढंच काम. चारचौघांत मला बोलता येत नसे. चहाला सगळे जमले की मी आपला बशीत बघत राही. तेवढ्यात सांगलीत सायबर कॅफे निघालं. प्लायवुडचे खोपे, प्रत्येकाला फुलाफुलांचा पडदा. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तिथे जाऊन बसलो आणि इंटरनेटवरच्या गप्पांत मला साताऱ्याची एक मुलगी भेटली. भेटली म्हणजे काय, स्क्रीनवर अक्षरं उमटली. मग ईमेल सुरू झाले. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. मी टोपणनाव घेतलं होतं, ते तसंच राहिलं.

ती बी.एड. करत होती. वडील फौजेत, आसामात. घरी ती आणि आई, दोघीच. लिहायची मात्र झकास. “आमचं फाटक निळं आहे, गल्लीत एवढं एकच. तीन पायऱ्या, त्यातली मधली फुटकी, पाहुणा हमखास अडखळतो. दारात जास्वंद. खिडकीत बसलं की किल्ला दिसतो. आई म्हणते, किल्ला बघून पोट भरतं का?”

मी वेडा झालो, दुसरा शब्द नाही. कारखाना सुटला की गाडी थेट कॅफेकडे. नवं पत्र नसलं तर जुनीच पुन्हा वाचायची. छापून घेतलेले कागद माझ्या उशाखाली असत. आणि माझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘कळावे’, ‘आपला’ असलं काही नसे. मी लिहायचो, “येतो.” जणू तिच्या ओट्यावर बसून गप्पा मारल्या आणि आता उठलो. मला ते फार आपुलकीचं वाटायचं.

पेन्सिलीवर पोट असलेल्या माणसाला आणखी काय सुचणार? मी तिच्या घराचा प्लॅन काढायला घेतला. पत्रातून जे कळेल ते जेवणाच्या सुट्टीत ट्रेसिंग पेपरवर उतरवायचं. फाटक, पायऱ्या, जास्वंद, खिडकी. लेथवरचा एक जण खांद्यावरून डोकावला.

“काय गड्या, घर बांधतूयास व्हय? लय झ्याक हाय. कुनाचं रं?”

“आमचंच,” मी म्हणालो. सहज तोंडातून गेलं.

प्लॅन पुरा होत आला तसं मी तिला लिहिलं, “तुमच्या खिडकीतून फाटक नीट दिसत नसणार. तिथे कोणी उभं राहिलं तर तुम्हाला कळणारच नाही, जास्वंद आड येते. बरोबर ना?” मला शाबासकी हवी होती.

दोन दिवसांनी उत्तर आलं. “तुम्ही इथे येऊन गेलात का?”

मी लिहिलं, “छे, अजून नाही.” आणि खाली नेहमीसारखं, “येतो.”

“खरंच येताय? कधी?”

हे तिचं शेवटचं पत्र. मला ते बोलावणं वाटलं. त्या पडद्याआड मला रडू फुटलं. आयुष्यात तोवर मला कोणी विचारलं नव्हतं, कधी येताय म्हणून. मी लिहिलं, “एखाद्या दिवशी दारात उभा राहीन, बघाच. येतो.”

मग उत्तरं थांबली. मी थांबलो नाही. “आज खिडकीत बसलात का? येतो.” “आई दुपारच्या झोपतात ना? येतो.” “प्लॅनमध्ये मागचं दार राहिलंय. मागे दार आहे का? येतो.” रोज एक.

शेवटी एका रविवारी ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन एसटीत बसलो, कराडला गाडी बदलली, दुपारी साताऱ्यात उतरलो. पत्ता नव्हता, पण किल्ल्याच्या पायथ्याच्या गल्ल्या हिंडता हिंडता निळं फाटक दिसलंच. तीन पायऱ्या होत्या. मधली फुटकी होती. माझं ड्रॉइंग तंतोतंत जुळलं, याचा मला आनंद झाला, हे कबूल करतो.

जास्वंद तेवढी नव्हती. बुंध्यापासून तोडलेली. खिडकीवर आतून फळ्या ठोकल्या होत्या आणि फाटकाला कुलूप होतं.

शेजारच्या ओट्यावर एक काकू गहू निवडत होत्या. मी त्यांच्या पायरीशी गेलो.

“कोन पायजे?” त्यांनी विचारलं. “मायलेकी न्हाईत हितं. माणला गेल्या, गावाकडं.”

“का बरं?”

“आवं, कुनीतरी हाय म्हनं. त्या कम्प्युटरवर रोज लिवतोय, येतो म्हनून. नाव न्हाई, गाव न्हाई, नुसतं येतो. पोरीनं आदी फाटक दिसावं म्हनून झाड तोडाय लावलं, मग खिडकीच ठोकली. जेवत नव्हती ओ. मागल्या दाराचं बी इचारलं म्हनं त्येनं.” त्यांनी सूप थांबवलं. “तुमी कोन?”

मी गुंडाळी पाठीमागे धरली. तो मीच, मला तसं म्हणायचं नव्हतं, असं तिथे सांगायला हवं होतं. कोणी तरी माणला निरोप दिला असता आणि ती पोरगी सुखाने जेवली असती. पण मला भीती वाटली. तिच्यासाठी नाही, स्वतःच्या अब्रूसाठी.

“वाट चुकलो,” मी म्हणालो. वळलो, आणि आईने लहानपणापासून घोटवून घेतलेलं आपोआप तोंडातून गेलं.

“बरं, येतो.”

काकूंच्या हातून सूप पडलं, गहू पायऱ्यांवर सांडले. माझ्यावरची नजर न काढता त्या मागे मागे सरकत घरात गेल्या. दार लागलं. कडी लागली. मग भर उन्हात त्या गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागत गेल्या.