मी बी पेशंट हाय

"तोंड उघडा मावशी. अजून. थोडं अजून."

मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. दातांच्या दवाखान्याच्या मागं, औजारं धुवायच्या मोरीशेजारी. एका अंगाला फरशी पुसायची बादली. दुसऱ्या अंगाला रक्ताचा कापूस टाकायची पिशवी. मॅडम माझ्यावर वाकल्या होत्या. त्यांनी त्यांचा मोबाईल माझ्याच हातात दिला होता. "बॅटरी अशी धरा. तुमच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे."

माझ्या तोंडावरचा उजेड मीच धरून बसले होते.

भिंतीपलीकडं मोठी खुर्ची रिकामी होती. वर दिवा असलेली. सकाळी मीच पुसलेली. मी विचारलं होतं, "मॅडम, खुर्चीवर बसू का? तिथं उजेड चांगला हाय."

"अहो, आत्ताच पुसलीय ना तुम्ही? पेशंट येतील एवढ्यात. तुम्ही काय, घरच्याच."

मॅडम कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. हेही गोडच बोलल्या.

मी उस्मानपुऱ्यातल्या त्या दवाखान्यात कामाला होते. पोरगी बालवाडीत होती तेव्हापासून. सकाळी कुलूप मी उघडायचे. झाडायचं, पुसायचं, थुंकायचं भांडं घासायचं, खुर्चीवर नवं कापड घालायचं. पहिल्या दिवशी मॅडमनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणल्या. दुसऱ्या दिवशी मोरीवर माझ्यासाठी एक वेगळा स्टीलचा ग्लास आला. माझं माहेर पिशोरकडचं. माझ्या आईला लोक वरून पाणी ओतायचे, ती ओंजळ धरायची. मला तर ग्लास मिळाला. मला वाटलं, जग सुधारलं.

मग घशात दुखायला लागलं. घास गिळताना काटा टोचल्यासारखं. कानात कळ जायची. बरेच दिवस मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या. शेवटी सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासला. जिभेच्या मुळाशी गाठ. कॅन्सर.

किरणांचा शेक देणारे डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण समोर बसवून बोलले. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि पहिल्यांदा गाठीचं बोललेच नाहीत. दाढांचं बोलले. खालच्या तीन दाढा किडलेल्या. एकीच्या मुळाशी पू.

"शेक सुरू करायच्या आधी या काढाव्या लागतील. जखम भरायला वेळ द्यावा लागतो. नंतर काढायची पाळी आली तर जबड्याचं हाड भरून येत नाही, सडतं. म्हणून आधी. आणि लवकर. गाठ थांबणार नाही." त्यांनी सरकारी दातांच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

मी म्हणलं, "साहेब, चिठ्ठी कशाला? माझ्या मॅडम दातांच्याच डॉक्टर हायत."

किती तोऱ्यात म्हणलं मी. आजही ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

मॅडमना सांगितलं. त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. खरं पाणी. खोटं बोलत नाही मी. "काही काळजी करू नका मावशी. आपण करू." मग म्हणल्या, रविवारी या, गर्दी नसते. रविवारी त्यांच्याकडं पाहुणे आले. पुढच्या रविवारी त्या बाहेरगावी. मधे गोळ्या दिल्या. सूज उतरायची, परत चढायची. मी रोज तीच खुर्ची पुसत होते, त्याच दिव्याखाली झाडत होते, आणि माझी दाढ ठणकत होती.

माझी शेजारीण नसीमआपा, ब्लाउज शिवते, आमची भिंत एकच. ती रोज विचारायची. "अगे, निकाली क्या दाढ?"

"मॅडम काढणार हायत."

"कब? तेरा गाल तो पपीता होरा." मग मशीन थांबवून म्हणायची, "डॉक्टरकी कामवाली है तू. तेरेकू सबसे पहले होना सो."

मी म्हणायचे, मोठी माणसं, त्यांना कामं असतात.

शेवटी एका सकाळी ताप आला. तोंड दोन बोटांपुरतंच उघडत होतं. तशीच कामाला गेले. दवाखाना उघडला, पुसला. मॅडम आल्या तेव्हा मी दारातच त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच धरला. "मॅडम, आज काढा. नायतर माझा शेक राहतो."

त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. घड्याळ बघितलं. "चला, मागं बसा. पटकन करू."

असं ते स्टूल. असा तो मोबाईल.

सुई टोचली. हिरडीत सुजलेल्या जागी सुई, डोळ्यांपुढं काजवे. मग हळूहळू ओठ, जीभ, गाल, सगळं लाकूड. मॅडमनी पक्कड लावली. दाढ हलवली. आत काहीतरी करकरलं. दुखत नव्हतं, पण आवाज डोक्यात ऐकू येत होता. हाडातून.

तेवढ्यात बाहेरची बेल वाजली.

"पाच मिनिटं हं मावशी." मॅडमनी माझ्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला. "दाबून धरा." हातमोजे काढले, मोबाईल घेतला आणि गेल्या.

मी बसून राहिले. अर्धी सुटलेली दाढ तोंडात. लाळ आणि रक्त हनुवटीवरून खाली. ओठ बधिर, थुंकी कुठून गळतेय ते कळत नाही. पदरानं पुसत राहिले. पलीकडं बोलणं ऐकू येत होतं. एक बाई आली होती, मोठ्या घरची. तिच्या भावाचं लग्न होतं. तिला दात पांढरे करून हवे होते. हसणं चाललं होतं. कुठल्या हॉलमध्ये लग्न, जेवण कुणाचं. दिव्याचं बटण खट् वाजलं.

मग मॅडमचा आवाज. "मावशी, जरा या ना. इथं पाणी सांडलंय, पुसून घ्या."

आणि मी उठले.

हेच मला सोडत नाही. पक्कड नाही, सुई नाही. हे. तोंडात रक्ताचा बोळा असताना, अर्धी दाढ लोंबत असताना, नुसती हाक ऐकून माझे पाय उठले. मी विचार केला नाही. मॉप घेतला, बादली घेतली, आत गेले. कुणी ढकललं नाही मला. इतक्या वर्षांत ते माझ्या हाडात भरलं होतं. हाक आली की उठायचं.

मी वाकून पुसायला लागले. तोंड बधिर, ओठ मिटेना. लाळेची तार फरशीवर पडली. लालसर. ती मी मॉपनं पुसली. परत पडली.

खुर्चीतल्या बाईनं पाय वर घेतले. "ई! काय झालंय हिला?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज खाली केला, पण मी दोन हातांवर होते.

"कॅन्सर आहे तिला. तुम्ही अजिबात काळजी करू नका. तिला मागं बसवलंय. या खुर्चीवर नाही बसवलं."

डॉक्टर होत्या त्या. कॅन्सर शिवल्यानं होत नाही हे त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं, तर त्यांना माहीत नसणार? म्हणजे माझं तोंड घाण नव्हतं, मी घाण होते. आजार नवा होता. ग्लास जुना होता.

माझा मॉप थांबला.

कसं सांगू? राग आला असं नाही. गार पडले. इतकी वर्षं डोळ्यांवर जे होतं ते गळून पडल्यागत. मी मॉप बादलीत उभा केला. मोरीवर जाऊन हात धुतले. बोळा काढून टाकला. परत आत आले आणि मॅडमसमोर उभी राहिले.

"दाढ काढा," मी म्हणलं. "इथं. खुर्चीवर."

शब्द नुसते भुसभुस निघाले. बधिर जीभ. मॅडमच्या कपाळावर आठी. "काय म्हणताय मावशी? बसा मागं, येतेच मी. पेशंट आहे ना इथं."

"मी बी पेशंट हाय."

तोंडातून निघालं, "ई ई एशं आय." ओठ मिटत नव्हते, प निघत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड वर करून बोलले आणि एक शब्द धड आला नाही. खुर्चीतली बाई तोंडावर हात ठेवून हसली. घाबरून हसली असंल. मला ते हसू अजून ऐकू येतं.

मी परत म्हणलं. परत तेच निघालं. तिसऱ्यांदा म्हणलं नाही. कमरेची किल्ली सोडली, त्यांच्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या दारानं बाहेर पडले.

"मावशी! अहो, अशा अर्धवट कुठं निघालात? पू पसरेल!"

पसरेल हे त्यांना माहीत होतं. तरी दाराबाहेर त्या आल्या नाहीत.

उस्मानपुऱ्यातून चालत घरी आले. पदर तोंडाला. अर्ध्या रस्त्यात भूल उतरायला लागली. कळ अशी की भिंतीला धरून उभी राहिले. लोक बघत होते, कुणाला वाटलं असंल नवऱ्यानं मारलं. नसीमआपानं दार उघडलं, माझं तोंड बघितलं. एक प्रश्न विचारला नाही. कैची ठेवली, बुरखा घातला. "चल. मैं रिक्षा बुलारी."

सरकारी दातांच्या दवाखान्यात मोठी रांग होती. आपानं पुढं जाऊन सांगितलं, कॅन्सरकी पेशंट है, बुखार है. रांगेतल्या लोकांनी वाट दिली. आत एक डॉक्टरीण बाई होत्या, केस पिकलेल्या, चष्मा नाकावर. "बसा," म्हणल्या.

मी उभीच.

"अहो, बसा ना खुर्चीत."

मी खुर्चीच्या कडेला टेकले. पाठ टेकायची हिंमत होईना. त्यांनीच मागं सरकवलं, दिवा ओढला. माझ्या तोंडात बघितलं. "ही दाढ कुणी हलवली? अशी कुणी सोडली?"

जीभ आता माझी होती. मी सांगितलं. सगळं. स्टूल, मोबाईल, पाणी सांडलेलं, खुर्चीतली बाई. डॉक्टरीण बाई ऐकत होत्या. एकदा म्हणल्या, "अरे देवा." पू काढला, औषध दिलं, ती दाढ काढली. बाकीच्या दोन ताप उतरल्यावर काढल्या. टाके घातले. प्रत्येक वेळी बाहेरच्या बाकावर आपा बसलेली.

शेक देणारे डॉक्टर भेटले तेव्हा त्यांनी माझ्या मानेला हात लावला. बोटं एका जागी थांबली. तिथं आधी काही नव्हतं. आता सुपारीएवढी गाठ. "हे दातांचं काम तेव्हाच व्हायला हवं होतं," ते म्हणले. ओरडले नाहीत. फक्त म्हणले. त्या रविवारांमुळं किती वाढली, ते कुणीच सांगू शकत नाही. मी विचारलंही नाही. विचारलं नाही म्हणून विसरले असं नाही.

जखमा भरल्या, शेक सुरू झाला. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला घट्ट अडकवतात. मान हलवता येत नाही, बोलता येत नाही. सगळे खोलीबाहेर जातात. मशीन फिरायला लागतं. रोज तिथं, त्या मुखवट्याच्या आत, मला तो गोड आवाज ऐकू यायचा. तुम्ही अजिबात काळजी करू नका. कुणी कानात पुटपुटावं तसा. मी डोळे मिटले तरी यायचा. तोंड सोललं, चव गेली, पाणी गिळताना आग व्हायची. सगळं सोसलं. तो आवाज सोसवत नव्हता. एकदा मुखवटा काढल्यावर माझ्या गालांवर जाळीचे वळ आणि पाणी. मुलगी बाहेर उभी होती. तिला वाटलं दुखतंय. मी म्हणलं, व्हय, दुखतंय.

शेक संपल्यावर काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. मुलीच्या मोबाईलवर. माझी मुलगी बारावीला आहे. ती माझ्याकडं बघून हळू म्हणली, "आई, मॅडम विचारतायत कशी आहेस. आणि विचारतायत, तू बरी होईपर्यंत मी कामाला येईन का. सकाळी तासभर."

मी फोन मागितला. माझा आवाज आता घोगरा झालाय, शब्दाशब्दाला थांबावं लागतं. पण सगळी अक्षरं निघतात.

"मॅडम, माझी पोरगी येणार नाय."

"अहो मावशी, कशा आहात? राग आलाय का? त्या दिवशी तुम्ही अशा निघून गेलात, मला किती..."

"राग नाय. तुम्ही त्या बाईला काय म्हणलात ते मी ऐकलं. माझ्या देखत म्हणलात. मी माणूस नाय असं समजून म्हणलात."

पलीकडनं तोच गोड आवाज. "तुमचा गैरसमज होतोय हो."

"नाय. आधी होता. आता नाय."

फोन ठेवला. मुलगी घाबरून बघत होती. म्हणली, "आई, आता काम?"

"दुसरं बघीन. अंगात ताकद आली की."

अजून आली नाही. दर तपासणीला डॉक्टर मानेला हात लावतात आणि म्हणतात, बघू. बरी झाले का नाही, ते त्यांनाही ठाऊक नाही. मरणाचं भय मला आहे. नाही असं सांगणार नाही. पण त्या भयानं मी आता कुणापुढं वाकणार नाही. नसीमआपा आणि मी जाऊन तक्रार दिलीय, डॉक्टरांची चौकशी करतात तिथं. कारकून म्हणला, बाई, साक्षीदार आहे का? मोठ्या लोकांचं नाव आहे, विचार करा. मी म्हणलं, साक्षीदार मीच. बोलावाल तेव्हा येईन. परत शेक घ्यावा लागला तरी येईन. गाठ परत आली तरी येईन. आणि तिथं मला कुणी उभं राहून बोल म्हणलं, तर आधी खुर्ची मागीन, बसीन, मग बोलीन.